तकाकी आणि राखण : मोटारीच्या रंगाची शंभर वर्षं



इतिहासाच्या व्याख्यानात गाडीचं पॉलिश कुठून आलं, असा प्रश्न विषय वाचून काहींना पडला असेल. रास्त प्रश्न आहे. पण इतिहास फक्त तहांचा आणि लढायांचा नसतो. रविवारी सकाळी आपण बादली, फडकं आणि एक स्प्रेची बाटली घेऊन पार्किंगमध्ये उतरतो, त्यालाही इतिहास आहे. त्या बाटलीवर आजकाल ‘सिरॅमिक’ असं लिहिलेलं असतं, आणि जाहिरातीत हमखास एक दृश्य असतं : चकचकीत बॉनेटवर पाण्याचे गोल मणी, टपाटप घरंगळणारे. ते बघून आपल्याला वाटतं, रंग सुरक्षित झाला.

आज मला एवढंच तपासायचं आहे. पाण्याचा मणी आणि रंगाची तकाकी या दोन खुणा नेमकं काय सिद्ध करतात? एक काळ असा होता की चकाकणारा रंग म्हणजे निरोगी रंग, हे समीकरण बरोबर होतं. साधारण चाळीसेक वर्षांपूर्वी ते तुटलं. आपला डोळा मात्र अजून जुनंच समीकरण वापरतो, आणि बाजार त्याच डोळ्यावर चालतो.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. पहिल्या मोटारी रंगवल्या त्या बग्ग्या रंगवणाऱ्या कारागिरांनीच. तेलाचा रंग, त्यावर रोगण, सगळं ब्रशनं. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, दुसरा हात द्यायचा. असे अनेक हात. एक गाडी पूर्ण व्हायला आठवडे लागत. ते रोगण सुंदर दिसे. पण ऊन, चिखल आणि साबण यांपुढे ते फार टिकत नसे. श्रीमंतांच्या घरी गाडी राखायला माणूस असे, त्यामुळे हा प्रश्न मालकापर्यंत पोचतच नव्हता.

मग हेन्री फोर्डची मॉडेल टी आली, 1908 साली. गाडी सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. 1914 ते 1925 या काळात ती फक्त काळ्या रंगात मिळे, हे तुम्ही ऐकलं असेल. तो काळा रंग म्हणजे डांबराच्या जातीचं ‘जपान ब्लॅक’ नावाचं रोगण, भट्टीत भाजून घट्ट केलेलं. एकच रंग ठेवला की कारखान्याचं काम सोपं होतं. आता बघा, गाडी हजारोंच्या घरात गेली, पण प्रत्येक घरी ती राखायला नोकर नव्हता. म्हणजे गाडी घासायचं काम मालकावर आलं. पॉलिशचा बाजार इथे जन्माला येतो. शिकागोची ‘सिमोनाईझ’ 1910 च्या सुमाराची. तिचं नाव अमेरिकेत इतकं रुळलं की गाडीला मेण लावणं या अर्थाचं क्रियापद म्हणून ते शब्दकोशात गेलं. ‘मेग्वायर्स’ 1901 ची. तिची सुरुवात फर्निचरच्या पॉलिशनं झाली. म्हणजे टेबल-खुर्चीची जिल्हई पुढे मोटारीवर चढली.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतली ड्यूपॉण्ट कंपनी प्रचंड प्रमाणावर धूरविरहित दारू बनवत होती. ही दारू नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे कापसासारख्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून केलेली. युद्ध संपलं. त्या नायट्रोसेल्युलोजचं आता काय करायचं? जनरल मोटर्सबरोबर काम करून कंपनीनं त्यापासून पटकन वाळणारा, फवारता येणारा रंग तयार केला. नाव ठेवलं ‘ड्युको’. 1924 च्या मॉडेलसाठी ‘ओकलंड’ ही मोटार या रंगात आली, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि मोटारी रंगीबेरंगी झाल्या.

‘ड्युको’ हा शब्द तुम्हाला ओळखीचा वाटला असेल. आपल्याकडे आजही सुतार विचारतो, “साहेब, कपाटाला सनमायका लावू की ड्युको मारू?” तो शब्द हाच. मोटारीच्या कारखान्यातून निघाला आणि आपल्या दिवाणखान्यात येऊन बसला.

आता या रंगाचा स्वभाव समजून घेऊ. नायट्रोसेल्युलोजचा रंग उन्हात हळूहळू मरतो. वरचा थर कोरडा पडतो, खडूसारखा होतो, हात फिरवला तर भुकटी लागते. यावर उपाय काय? तो मेलेला थर घासून काढायचा. बारीक भुकटीची पेस्ट घ्यायची आणि रगडायचं. आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘रबिंग मारायचं’. खालचा ताजा रंग वर आला की गाडी पुन्हा झळकते. मग त्यावर मेणाचा हात, म्हणजे नवा थर जरा सावकाश मरेल. ज्यांनी जुन्या अँबॅसेडर किंवा पद्मिनीला रबिंग मारलेलं पाहिलं आहे, त्यांना आठवेल की फडक्याला गाडीचा रंग लागायचा. निळी गाडी, निळं फडकं.

म्हणजे त्या काळात तकाकी ही खरी खूण होती. गाडी चकाकते आहे, याचा अर्थ वरचा थर जिवंत आहे. फक्त गंमत अशी की ती तकाकी रंग झिजवूनच मिळत होती. दर पॉलिशला रंगाची जाडी थोडी कमी. हौशी मालकाच्या गाडीचे कोपरे आणि कडा आधी उघड्या पडायच्या.

त्या मेणाबद्दलही बोललं पाहिजे, कारण ते कुठून येतं याचा विचार गाडी पुसताना कोणी करत नाही. उत्तम प्रतीचं मेण म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये, सेआरा, पिआवी या राज्यांत एक ताडाच्या कुळातलं झाड होतं. तिथे कोरडा उन्हाळा कडक असतो. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा थर चढवतं. लांब काठीला कोयता बांधून पानं कापतात, उन्हात वाळवतात, झोडपतात, पडलेली भुकटी वितळवून मेण काढतात. हे मेण साधारण 82 ते 86 अंश सेल्सियसला वितळतं. मधमाशीचं मेण 60-65 अंशांतच पाघळतं. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कार्नोबा का लागतं, ते यावरून कळेल.

या झाडासाठी 1935 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचा प्रमुख हर्बर्ट जॉन्सन आपल्या माणसांसह विस्कॉन्सिनमधून थेट ब्राझीलच्या फोर्तालेझापर्यंत गेला, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या सिकॉर्स्की विमानातून. कंपनीचा धंदा ज्या झाडावर उभा होता ते झाड किती दिवस पुरेल, हे त्याला पाहायचं होतं. ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात साहसकथा म्हणून सांगितली जाते. पण पानं कापणाऱ्या मजुरांची कथा वेगळी आहे. अगदी अलीकडे, गेल्या दशकात, ब्राझीलच्या कामगार निरीक्षकांना कार्नोबाच्या शिवारांत गुलामीसारख्या अवस्थेत राबणारी माणसं सापडली होती : झाडाखाली झोपणारी, शुद्ध पाणी नसलेली. आपल्या दारातल्या तकाकीच्या मागे ही माणसंही आहेत.

दुसऱ्या महायुद्धानं पॉलिशच्या डब्यात आणखी एक पदार्थ आणला, सिलिकोन. डाऊ कॉर्निंग ही कंपनी 1943 मध्ये स्थापन झाली. तिचं सुरुवातीचं एक महत्त्वाचं उत्पादन लढाऊ विमानांच्या इग्निशनला ओलाव्यापासून वाचवण्यासाठी होतं. युद्धानंतर सिलिकोन घरगुती पॉलिशमध्ये उतरलं. मेण घासून घासून हात भरून यायचे. सिलिकोनमुळे ते लोण्यासारखं पसरू लागलं. पाणीही छान घरंगळू लागलं. मालक खूश, पण रंगारी वैतागला. कारण पत्र्यावर सिलिकोनचा अंश राहिला आणि त्यावर नवा रंग फवारला, तर रंग तिथे धरत नाही. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. आजही डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये सिलिकोनचा स्प्रे नेलात तर रंगारी तुम्हाला बाहेर काढेल, आणि ते योग्यच आहे.

आता ती फाटाफूट. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि पुढे 1980 च्या दशकात मोटारी रंगवण्याची पद्धत बदलली. मेटॅलिक रंग लोकांना आवडत होते. त्यात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते उघडे राहिले तर खराब होतात. म्हणून रंगाचा एक पातळ थर आणि त्यावर पारदर्शक थर, ज्याला आपण ‘क्लिअर कोट’ म्हणतो, अशी रीत पडली. हळूहळू साध्या रंगांनाही ती लागू झाली. या पारदर्शक थरात उन्हातले अतिनील किरण शोषणारी द्रव्यं घातलेली असतात. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ.

याचा अर्थ काय झाला? चकाकी आता कारखान्यातूनच येते. रंग खाली, काचेआड ठेवल्यासारखा. फडक्याला रंग लागत नाही. आणि उन्हापासून खरं संरक्षण करतात ती न दिसणारी द्रव्यं. ती संपत आली तरी गाडी बरेच दिवस चकाकतच राहते. मग एके दिवशी टपावर पांढरट चट्टे येतात आणि पापुद्रे सुटू लागतात. तोवर उशीर झालेला असतो. त्यावर मेण लावून काही होत नाही, पुन्हा रंगवावंच लागतं. म्हणजे तकाकी आणि तब्येत यांची इथे फारकत झाली. उलट तकाकीच्या मोहानं कोणी दर दोन महिन्यांनी मशीन लावून पॉलिश करत असेल, तर तो त्या 40-50 मायक्रॉनांतूनच खर्च करतो आहे. ड्युकोच्या काळात जी काळजी होती, ती क्लिअर कोटच्या काळात नासधूस ठरू शकते.

या थराचे शत्रूही वेगळे. अमेरिकेत फ्लोरिडामधलं जॅक्सनव्हिल हे ठिकाण रंग उद्योगात प्रसिद्ध आहे, कारण तिथली आम्लयुक्त हवा, दमटपणा आणि ऊन यांमुळे गाड्यांच्या पारदर्शक थरावर न पुसले जाणारे डाग पडायचे. कंपन्या मुद्दाम आपले रंगाचे नमुने तिथे उन्हात ठेवू लागल्या आणि त्यातून आम्लाला टिकणारे थर तयार झाले. आपल्याकडे तेच काम कबुतरं करतात. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते. तापलेल्या बॉनेटवर ती दुपारभर राहिली तर थराला डाग पाडते.

असा हा थर राखायचा कसा, या प्रश्नाला बाजारानं एकामागून एक उत्तरं दिली. आपल्याकडे 2000 च्या दशकात शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ मिळू लागलं. टेफ्लॉन हे तव्यावर चांगलंच आहे. पण ते वितळतं साधारण 327 अंशांना. तव्यावर ते भाजून बसवतात. मोटारीचा रंग तेवढा भाजता येत नाही. त्यामुळे तव्याचे गुण गाडीवर येतील ही अपेक्षाच चुकीची होती. नाव मात्र खपलं.

मग आलं सिरॅमिक. याचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही खरोखरच चिनी मातीच्या कारखान्यात पोचता! झाक-जोसेफ एबेलमन हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पुढे सेव्हर् इथल्या सुप्रसिद्ध पोर्सेलिन कारखान्याचा प्रमुख झाला. 1840 च्या दशकात त्याला दिसलं की सिलिकॉनचं एक द्रव संयुग दमट हवेत उघडं ठेवलं, तर ते सावकाश घट्ट होऊन काचेसारखं पारदर्शक होतं. भट्टी नाही, आच नाही, फक्त हवेतला ओलावा. जवळजवळ शंभर वर्षं हे कुतूहलच राहिलं. 1939 मध्ये जर्मनीत शॉट या काच कंपनीच्या गेफकेन आणि बर्गर यांनी अशा द्रवातून काचेवर पातळ थर चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि 1950 च्या दशकात त्या पद्धतीनं मोटारीचे आरसे बनू लागले. आता ते थर भाजलेले होते, पण विचार तोच. त्याच घराण्यातली द्रव्यं पुढे मोटारीच्या रंगावर आली : आधी कारागिरानं बसवायची छोट्या कुपीतली महाग कोटिंग्ज, आणि 2010 च्या दशकाच्या शेवटी जुन्या मेणवाल्या कंपन्यांचेच घरगुती सिरॅमिक स्प्रे.

कुपी आणि स्प्रे यांत फरक आहे, तो लक्षात घ्या. कुपीतलं द्रव्य दाट असतं आणि हवेतल्या ओलाव्यानं घट्ट बसतं. स्प्रेच्या बाटलीत बहुतांश पाणी, त्यात सिलिकोनची द्रव्यं आणि थोडा सिलिकावर्गी भाग. म्हणजे ते 1950 च्या सिलिकोन पॉलिशचं सुधारलेलं नातवंड म्हणा. काही महिने टिकतं. तेवढ्या किमतीला आणि तेवढ्या श्रमाला ते चांगलंच आहे. धूळ कमी चिकटते, गाडी धुवायला सोपी जाते, विष्ठा पुसायला थोडी सवड मिळते. पण त्यानं ओरखडे जात नाहीत आणि गोटा लागला तर खोक पडायची ती पडतेच. कोटिंगच्या जाहिरातीत ‘9एच’ लिहिलेलं असतं. तो आकडा पेन्सिलचा आहे. रंगावर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ओढून बघायची एक चाचणी असते, 9एच ही त्यातली कडक पेन्सिल. हिऱ्याच्या कडकपणाची दहा आकड्यांची मोजपट्टी वेगळी. दोन्ही एकच समजून लोक पैसे मोजतात.

आणि आता तो पाण्याचा मणी. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्टलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये कमळाच्या पानावर पाणी का थांबत नाही, हे दाखवून दिलं. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यावर मेण. थेंब टोकांवर उभा राहतो, घरंगळतो आणि धूळ घेऊन जातो. मोटारीचा रंग सपाट असतो, उंचवटे नसतात. सपाट पृष्ठभागावर कितीही भारी द्रव्य लावा, कमळाची बरोबरी होत नाही. थेंब गोल होतो, पण बऱ्याचदा तिथेच बसून वाळतो.

आपल्या भाषेत यासाठी शब्द तयारच आहे, अळवावरचं पाणी. अळूच्या पानावरही तोच प्रकार. आपण तो वाक्प्रचार क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरतो, आणि इथे तो चपखल बसतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यानं गाडी धुतली आणि ते मणी उन्हात वाळू दिले, तर प्रत्येक मण्याच्या जागी क्षारांचा पांढरा गोल उरतो. म्हणजे ज्या खुणेला आपण संरक्षण समजतो, तीच डाग पाडते. स्प्रे अजून शिल्लक आहे की नाही, हे मण्यावरून थोडंफार कळतं. रंगाची तब्येत त्यावरून कळत नाही.

मग घरी काय करायचं? हा सगळा इतिहास चार-सहा सवयींत उतरवता येतो. आधी गाडीवर भरपूर पाणी मारा, म्हणजे कचकच निघून जाईल. कोरडी धूळ पुसू नका. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. सावलीत, पत्रा थंड असताना काम करा. धुतल्यावर पाणी टिपून घ्या. मग एका वेळी एकच भाग, एक दार किंवा अर्धं बॉनेट. दोन-तीन फवारे पुरेत, जास्त मारलं तर ओघळ आणि धुरकट पट्टे उरतात. एका मायक्रोफायबरनं पसरा, दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरनं पुसून घ्या. बाटलीवर सांगितलं असेल तितका वेळ गाडी कोरडी राहू द्या. दुचाकी असेल तर सीटवर आणि ब्रेकच्या डिस्कवर थेंबही जाऊ देऊ नका; तिथे निसरडेपणा जिवावर बेतेल. आणि गाडीला नंतर रंगकाम करायचं असेल तर रंगाऱ्याला आधी सांगा की यावर सिलिकोन आहे.

शेवटचा मुद्दा माणसांचा. आपल्या सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारी मुलं असतात. एक बादली, एक फडकं आणि सात वाजायच्या आत वीस-पंचवीस गाड्या. मग उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले की दोष त्या मुलाला. खरं तर आपणच त्याला रोज कोरडी धूळ पुसायला लावलेली असते, कारण आपल्याला गाडी रोज चकाकलेली हवी. काही हजारांचं कोटिंग करून घेणारे आपण, त्याला दुसरी बादली आणि चार स्वच्छ फडकी देत नाही. रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा नीट धुवून घेतली, आणि त्याचे पैसे कमी केले नाहीत, तर रंग जास्त टिकेल. त्या मुलालाही पहाटे जरा श्वास घेता येईल.

ब्राझीलच्या शिवारातल्या मजुरापासून आपल्या पार्किंगमधल्या मुलापर्यंत, ही तकाकी कोणाच्या तरी हातांनी येते. बाटली जरूर घ्या, तिचा उपयोग आहे. पण पुढच्या वेळी पाण्याचा मणी घरंगळताना दिसला, तर त्यावर फार भरवसा ठेवू नका. फडकं स्वच्छ आहे का, ते बघा.